भिंतीवरची फार्मासिस्ट

लग्नाला तीन दिवस झाले होते, दारातला मांडवही निघाला नव्हता, तेव्हा उद्धवराव सुनेचं सर्टिफिकेट घेऊन फ्रेमवाल्याकडे गेले. परत आले ते सागवानी पट्टीची, सोनेरी कडेची चौकट काखेत घेऊन. लग्नाच्या फोटोंनाही त्यांनी इतकी महाग चौकट केली नव्हती. या घरात नांदायला नेमकं कोण आलंय, हे पूनमला त्या दिवशी कळलं.

ती जैनथकडची. बाप मारोती पैनगंगेच्या अंगाला दीड एकरात वांगी-मिरच्या काढायचा आणि सकाळच्या पहिल्या बसने आदिलाबादच्या बाजारात आणायचा. पोरगी हुशार निघाली. मंचेरियलला राहून तिने डी. फार्म. केलं, पहिल्या वर्गात पास झाली. इकडे उद्धवरावांचं आदिलाबादेत किराण्याचं दुकान, मावल्याच्या रस्त्यावर एक रिकामा गाळा आणि इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेला दोनदा बसून दोनदा तसाच उठलेला एक मुलगा. गाळ्याचं काय करावं आणि मुलाचं काय करावं, या दोन प्रश्नांनी त्यांना बरीच वर्षं झोप नव्हती. डी. फार्म. झालेली सून मिळाली की दोन्ही सुटणार होते. म्हणून त्यांनी हुंडा घेतला नाही. ही गोष्ट ते पुढे सात वर्षं चारचौघांत सांगत राहिले, आणि ऐकणारे माना डोलावत राहिले.

दुकानाचं नाव ठेवलं 'न्यू पूनम मेडिकल अँड जनरल स्टोअर्स'. जुनं असं काही नसताना 'न्यू' कशाला, हे कोणी विचारलं नाही. पाटीवर नाव तेलुगूत, हिंदीत आणि इंग्रजीत. लायसन्स पूनमचं, चौकट पूनमची, आणि गल्ल्यावर तिचा नवरा देवानंद. त्याने पांढरा कोट शिवून घेतला होता. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली माणसं त्याला 'डाक्टर' म्हणायची आणि तो ते चालवून घ्यायचा. औषधं तो पाकिटाच्या रंगावरून ओळखायचा. हिरवं पाकीट पोटाचं, निळं तापाचं. कंपनीने रंग बदलला की त्याचा दिवस वाईट जायचा.

पूनम दोन गल्ल्या आत, घरी, स्वयंपाक करायची. दुकानात ती वर्षातून एकदा जायची, दसऱ्याच्या पूजेला, आणि तेव्हाही नारळ फोडून, हार घालून, गल्ल्याच्या अलीकडूनच परत फिरायची. कोणी तपासायला आलंच तर देवानंद अदबीने सांगायचा, "मॅडम आताच जेवायला गेल्या." सात वर्षं मॅडम जेवत होत्या.

या सगळ्यात दिवस काढायची तिने एक रीत लावून घेतली होती. ती या माणसांना मनातल्या मनात हसायची. सासरा पेपर वाचताना ओठ हलवायचा, ते तिने हेरलं होतं. सासू रुख्मिणी शेजारणीला "आमची सून मेडिकल चालवते" म्हणून सांगायची आणि घरात आली की "पोळ्या गार झाल्या" म्हणायची. नवरा आरशासमोर कोट घालून गळ्यात नसलेला स्टेथोस्कोप चाचपायचा. एकेकाला तिने मोजून पाहिलं होतं आणि प्रत्येक जण हलका भरला होता. एवढं पाहिल्यावर तिला बरं वाटायचं. मग ती भाकरी उलटायची.

ऑगस्टमध्ये देवानंदने एक खोका घरी आणून कपाटावर ठेवला. पूनमने तो उतरवून पाहिला. मोठ्या ऑपरेशननंतर देतात ती जालीम दुखण्यावरची गोळी होती. एवढ्या गोळ्या जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यालाही महिनाभर पुरल्या असत्या.

"ही गोळी चिठ्ठीबिगर देत नसतात," ती म्हणाली.

"चिठ्ठी असते ना."

"कोनाची?"

"तुले काऊन पाह्यजे? तू तुया कुकरच्या शिट्ट्या मोज."

"पोरं नशेसाठी नेतात ही. माणूस मरते यानं."

"एवढी माहिती हाये त बस ना दुकानात," देवानंद म्हणाला, आणि लगेच स्वतःच घाबरल्यासारखा हसला. ती खरंच येऊन बसली तर कोट कोण घालणार, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता.

पूनमने खोका परत कपाटावर ठेवला. मूर्ख माणसाशी काय बोलायचं, असं तिने ठरवलं. ते ठरवायला सोपं होतं. पुढच्या महिन्यात खोका रिकामा झाला, दुसरा आला. तिने तो उतरवूनही पाहिला नाही.

नोव्हेंबरात, कापसाच्या गाड्या बाजारात लागल्या तेव्हा, मावल्याच्या पुढे प्लॉट पाडून ठेवलेल्या माळावर एक पोरगा मेलेला सापडला. सुरज त्याचं नाव. वय तेवीस, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसायचा. गोळी पाण्यात विरघळवून टोचलेली सुई हातात तशीच होती. बरोबरचे दोघे त्याला तिथेच टाकून पळाले होते. एवढं जिवलग मित्रमंडळ. त्याची आई भागाबाई रैतू बाजारात, भाजीच्या मंडईत, मेथी-कोथिंबीर विकायची. नवरा नव्हता, दुसरं पोर नव्हतं.

गावाने आधी जे करायचं ते केलं. सगळ्यांनी मोबाइलवर मेणबत्तीचं चित्र ठेवलं. पाचव्या दिवशी 'नशामुक्त आदिलाबाद' नावाची रॅली निघाली. रॅलीत दोनशे पांढऱ्या टोप्या वाटल्या गेल्या, आणि प्रत्येक टोपीच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं: सौजन्य, न्यू पूनम मेडिकल. देवानंद स्वतः वाटत होता. बंदोबस्ताच्या दोन शिपायांनीही ऊन लागतं म्हणून घातल्या. रॅलीत घोषणा देणाऱ्यांपैकी निम्म्यांना सुरजला गोळ्या कुठे मिळायच्या हे माहीत होतं. त्यांनी घोषणा जरा जास्तच मोठ्याने दिल्या.

पण पोलीस ठाण्यात नवा आलेला सीआय, म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर, निजामाबादकडचा होता, त्याला या गावात कोणाच्या लग्नात जेवायचं नव्हतं. सुरजच्या खिशात गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं निघाली होती. पाकिटावर बॅच नंबर असतो. त्यावरून कंपनी सापडते, कंपनीवरून होलसेलवाला, आणि होलसेलवाल्याच्या बिलावर दुकान. देवानंदला पाकिटाचा रंग तेवढा ठाऊक होता. आठव्या दिवशी दुकानाला सील लागलं. सीआयने निरोप दिला: लायसन्सवर जी बाई आहे, तिने गुरुवारी अकरा वाजता दुकानावर हजर व्हावं. तिच्यासमोर सील उघडायचं आहे.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर उद्धवरावांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. पूनमची चार वर्षांची सपना मधल्या खोलीत झोपली होती.

"घाबराचं काई कारण नाई," उद्धवराव म्हणाले. घाबरलेले तेच होते. सुपारी कातरताना आडकित्ता दोनदा बोटावर आला होता. "कागदावर दुकान पूनमचं. म्हणून पूनमनं एवढंच सांगाचं, का गोळ्या मीच दिल्या, चिठ्ठी पाहून दिल्या. चिठ्ठी खोटी होती ते मले समजलं नाई. बस."

"मंग मले धरून नेतीन," पूनम म्हणाली.

"बाईमानसाले जामीन लवकर भेटते. त्यात लहान लेकरू. आठ दिवस, लय झालं त पंधरा."

"अन् नाई भेटला त?"

"आपन वकील लावू ना. चांगला लावू."

"त तोच वकील ह्यायच्यासाठी लावा."

देवानंदने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ घासायला लागला. रुख्मिणी पुढे सरकली. "तो आत गेला त दुकान कोन पाह्यन?"

"सात साल झाले, आत्याबाई, दुकान मीच पाहून राह्यली ना? वहीत तसंच हाये."

वही तिथेच होती. चिठ्ठीवर द्यायच्या औषधांची नोंद ठेवायची वही, सील लागायच्या आधी देवानंदने पिशवीत घालून घरी आणलेली. प्रत्येक ओळीपुढे पूनमच्या नावाची सही, देवानंदच्या हातची. पूनमने पानं मागे उलटली.

"सपना झाली त्या दिवशी माह्यं पोट फाडलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी बी मी तीन गिऱ्हाइकं केली. चौथं संध्याकाळी."

"एवढं कोन पाह्यते," उद्धवराव म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. सीआय दुकानात काही विचारेल, पूनमला काही सांगता आलं नाही तर सगळंच फसेल, ही अक्कल उद्धवरावांची. देवानंदने बियाण्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर उलटं करून त्यावर दुकानाचा नकाशा काढला. इथे फ्रिज, इथे इंजेक्शनं, वरच्या फळीवर पोटाचं, खाली तापाचं, काचेच्या कपाटात साबण-पावडर. उद्धवराव काडीने दाखवून विचारायचे आणि पूनम सांगायची. गणिताच्या मास्तरसारखे ते बरोबर उत्तराला "हं" म्हणायचे. ज्याला साध्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव वाचता येत नाही, तो पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईची औषधांची परीक्षा घेत होता.

"इन्सुलिन फ्रिजमंधी नाई?" पूनमने नकाशा पाहून विचारलं.

"फ्रिजमंधी ताक असते," देवानंद म्हणाला. "अन् मंधी मंधी आंबे."

अर्ध्या तासात तिला सगळं पाठ झालं. उद्धवरावांनी समाधानाने उपरणं झटकलं. रुख्मिणी उठता उठता म्हणाली, "घरासाठी एवढं त कराच लागते बाईले." देवानंद मात्र थांबला होता. दोघंच उरल्यावर तो हळूच म्हणाला, "मी भेटाले येत जाईन. जेलमंधी. रोज."

सात वर्षांत त्याने तिला दिलेलं हे पहिलं वचन होतं. पूनमने नकाशाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. का ठेवली, हे तेव्हा तिलाही नीट सांगता आलं नसतं. आत जाऊन ती सपनाजवळ बसली. ती 'हो' म्हणाली तर पोर या घरात राहणार, रुख्मिणीच्या हाताखाली. 'नाही' म्हणाली तर सपनाचा बाप जेलमध्ये, आणि मारोतीने वांगी विकून मिळवून दिलेला कागदही जाणार, कारण तो कागद तिने आपल्या हाताने या लोकांना दिला होता. लायसन्सच्या अर्जावर, 'मी दुकानात पूर्ण वेळ हजर राहीन' या ओळीखाली, तिची सही खरी होती.

गुरुवारी अकराला दुकानासमोर शंभर माणसं जमली होती. एवढी गर्दी त्या दुकानाला कधी औषधासाठी झाली नव्हती. कोणी पाववड्याची पुडी उघडून उभे होते. सीआयबरोबर औषध खात्याची एक बाई आणि दोन पंच. सील तोडून शटर वर केलं. आत अंधार.

"अम्मा, दुकान आपका है ना," सीआय म्हणाला. "लाइट डालो."

पूनमने उजव्या हाताची भिंत चाचपली. तिथे कॅलेंडरचा खिळा होता. मग डावी. तिथे काहीच नव्हतं. नकाशात बटण नव्हतं.

"फ्रिजच्या मागं," बाहेरून देवानंद दबक्या आवाजात म्हणाला. शिपायाने त्याच्याकडे पाहिलं. पूनमने फ्रिजच्या मागे हात घालून दिवा लावला. सीआयने नुसती भुवई खाजवली.

"इंजेक्शन किधर?"

तिने सांगितलं. शिपायाने खण ओढला, इंजेक्शनं निघाली. पोटाचं औषध कुठे, तापाचं कुठे, लहान मुलांची सिरपं कुठे. सगळं बरोबर आलं. बाहेर उद्धवराव प्रत्येक उत्तराला ओठ हलवत होते. देवानंदचा चेहरा खुलत गेला. चौथ्या उत्तराला त्याने शेजारच्या माणसाकडे पाहून हसून मान उडवली, बायको कशी हुशार आहे बघा, अशी. त्याला आपण सुटलो असं वाटलं होतं, आणि त्याचा आनंद लपवण्याइतकीही लाज त्याच्याजवळ नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. डोक्यावरची टोपली तिने खाली उतरवली. भागाबाई.

"साहेब," ती म्हणाली, "आठ साल होतीन आता, बीपीची गोळी इथलीच खाऊन राह्यली मी. ही बाई कोन होय?"

दुकानाला सातच वर्षं झाली होती, पण तिला कोणी दुरुस्त केलं नाही. शिपाई तिला मागे सारायला गेला, ती हलली नाही. तिने पूनमकडे नीट पाहिलं, पाटीवरच्या नावाकडे पाहिलं, परत पूनमकडे.

"इले मी कधी पायलं नाई. कोट घातलेला तो असते."

देवानंदचं हसू तसंच राहिलं, फक्त मागचा चेहरा निघून गेला.

"अम्मा, ये क्या बोल रही?" सीआयने पूनमला विचारलं.

आता उत्तर द्यायचं होतं. म्हातारी शोकात आहे, तिला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. उद्धवरावांनी ते कदाचित शिकवलंही असतं. पूनमने आजवर ज्या ज्या माणसाकडे पाहिलं होतं त्याच्यात तिला हसण्यासारखं काही ना काही सापडलं होतं. भागाबाईत तिने शोधलं. काही सापडलं नाही.

तिने पर्स उघडून कॅलेंडरचा कागद बाहेर काढला आणि गल्ल्यावर पसरला.

"साहेब, हे सगळं मला काल दुपारी शिकवलं," ती म्हणाली. "हा नकाशा माझ्या नवऱ्याच्या हातचा आहे. त्यांनी घरी आणून ठेवलेल्या वहीतल्या सह्यापण त्यांच्याच हातच्या. मी इथे कधी बसले नाही. सात वर्षांत एक गोळी विकली नाही."

सीआयने नकाशा उलटसुलट पाहिला. औषध खात्याच्या बाईने तो फोनमध्ये टिपला. बाहेर उद्धवराव "सूनबाई, तब्येत बरी नाई तुयी" असं काहीसं म्हणत गर्दीकडे तोंड करून हात जोडायला लागले. देवानंद पळाला नाही. पळायलाही थोडी तयारी लागते.

जबाब तिथेच, गल्ल्यावर लिहून घेतला. सीआय वाईट माणूस नव्हता. लिहिता लिहिता त्याने पेन थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, लिख दूँ कि आपको कुछ मालूम नहीं था? आप छूट जाओगे."

भागाबाई दारातच उभी होती. तिचं लक्ष सीआयकडे नव्हतं.

"मालूम था," पूनम म्हणाली. "ऑगस्टमध्ये खोका घरी आला तेव्हा मी उघडून पाहिला. कशाची गोळी आहे ते मला माहीत होतं. पोरं कशासाठी नेतात तेही माहीत होतं. एकदा नवऱ्याला म्हटलं, मग काही म्हटलं नाही."

"फिर आपका भी नाम आएगा."

"येऊ द्या."

सीआयने लिहिलं. तिने दोन्ही पानं पुन्हा एकदा वाचली, एका ठिकाणी महिना चुकला होता तो दुरुस्त करायला लावला, आणि सही केली. देवानंदला जीपमध्ये बसवलं तेव्हा त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून बापाकडे फेकला आणि तो नेम चुकून गटारात गेला. उद्धवराव गुडघ्यावर बसून काडीने किल्ल्या शोधू लागले. दुकानाला पुन्हा सील लागणार होतं, किल्ल्या कशाला हव्या होत्या कोण जाणे.

पूनम पायऱ्या उतरली तेव्हा भागाबाई तिच्यासमोर आली.

"ऑगस्टापासून मालूम होतं तुले?"

"हो."

"माह्या पोराले गोळ्या देऊन राह्यले ते?"

"तुमच्या पोराला देतात हे नव्हतं माहीत. कोणाच्या तरी पोराला देतात हे माहीत होतं."

भागाबाईने तिच्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. माणूस किती वजनाचा आहे ते एकदा पाहून घ्यावं आणि बाजूला ठेवून द्यावं, तसं पाहिलं. पूनमला ही नजर नवी नव्हती. फक्त आजवर ती तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून बाहेर जायची. भागाबाईने टोपली उचलली, चुंबळ नीट केली आणि ती रैतू बाजाराच्या वाटेला लागली. मेथी उन्हात सुकत चालली होती.

त्याच दुपारी पूनम सपनाला घेऊन जैनथला गेली. रुख्मिणीने दारातून सांगितलं की नवऱ्याला खाऊन आता बापाला खायला निघाली. गल्लीतल्या बायकांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत त्यात आपापली भर घातली. मारोतीने दुसऱ्या दिवशी मुलीला मिरच्या तोडायला बरोबर नेलं. देवानंद पहिला आरोपी, पूनम दुसरी. तिला जामीन मिळाला, त्याला मिळाला नाही. उद्धवरावांनी वकील लावला, चांगला, आणि त्या वकिलाने अर्जात लिहिलं की सगळा दोष लायसन्सवाल्या बाईचा आहे. फार्मसी कौन्सिलने तिचं रजिस्ट्रेशन थांबवलं. सुनावणीत तिने काही बचाव मांडला नाही, म्हणून ती लवकर आटोपली.

केस आता आदिलाबादच्या कोर्टात चालू आहे. तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला एकच लांब बाक आहे, आणि भागाबाई नेहमी आधी येऊन बसलेली असते. पहिल्या तारखेला पूनम दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, तशी भागाबाई उठली आणि पुकारा होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात, हे बघणाऱ्यालाही कळत होतं. दुसऱ्या तारखेलाही तसंच झालं.

तिसऱ्या तारखेपासून पूनम बाकाकडे जातच नाही. ती जिन्याजवळ उभी राहते. तारीख लांबली तर तीन-तीन तास उभी राहते.